पदवीची अट

शालन ओव्हाळ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या निरोपाला ट्रंक एक्स्चेंजच्या त्या लांबलचक हॉलमध्ये जेमतेम नऊ माणसं होती. एके काळी तिथे पाळीपाळीने शंभरावर बायका बसायच्या. कानाला हेडफोन, समोर छिद्राछिद्रांचा बोर्ड आणि तोंडाने अखंड, ‘‘नागपूर, बोला. सोलापूर, लाइन मोकळी करा.’’ पुढे लोक घरूनच थेट परगावचे नंबर फिरवायला लागले, चौकाचौकात पिवळ्या पाट्यांचे बूथ उघडले, आणि अलीकडे तर पोरंटोरं मोबाइल कानाला लावून रस्त्यातून चालायला लागली होती. बायका एकेक करून दुसऱ्या विभागांत गेल्या. शालनताई मात्र साठ पुरी होईपर्यंत त्याच हॉलमध्ये राहिल्या. इंग्रजी अस्खलित, आवाज खणखणीत आणि गावोगावच्या एक्स्चेंजांचे नंबर तोंडपाठ. दोन हजार सालच्या नोव्हेंबरात त्या नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन कर्वेनगरच्या घरी आल्या.

घरात नवरा, पोपटराव, होते. ते भोसरीकडच्या एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि त्यांच्या खात्यातल्या सगळ्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून पोपटराव गॅलरीत खुर्ची टाकून बसत. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा गॅलरी. मूळचे लोणी काळभोरच्या पलीकडच्या एका वाडीचे. पुण्यात चाळीस वर्षं काढली तरी त्यांची बोली वाडीचीच राहिली होती. एकुलती एक सोनाली बंगलोरला संगणकाच्या नोकरीत. तिचा फोन रविवारी येई, तेवढंच घरात बोलणं व्हायचं.

‘‘अहो, चला की जरा बागेत,’’ शालनताई म्हणत.

‘‘काय हाय तिथं? म्हातारी माणसं बसल्यात. मी हितं बसतो.’’

महिनाभरात शालनताईंना कळून चुकलं, की आपल्यालाही हीच खुर्ची शेजारी टाकून घ्यावी लागणार.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या कॉलेजची मागची इमारत दिसे. सकाळी तिथे ही गर्दी. दुपारी एकनंतर मात्र अख्खे दोन मजले रिकामे. बाकं रांगेत, फळा तसाच, एखाद्या वर्गातला पंखा उगाच फिरत असलेला. भांडी घासताना शालनताई तो पंखा बघत राहत. त्या स्वतः कॉलेजात गेल्या होत्या, जूनपासून दिवाळीपर्यंत. सत्तावन्न साल होतं ते. वडिलांनी आदल्याच वर्षी धम्म स्वीकारला होता आणि मुलगी मॅट्रिक झाली म्हणून वस्तीत पेढे वाटले होते. दिवाळीत वडील अंथरुणाला खिळले, पाठची तीन भावंडं होती, आणि शालनने नोकरी शोधली. इतिहासाच्या तासाला सर ज्या प्रकरणाच्या मध्यावर होते, तिथेच तिचं शिक्षण थांबलं. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. पण त्या प्रकरणाचं पुढे काय झालं असेल, असं त्यांना अजूनही वाटत असे.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी बरी साडी नेसली आणि कॉलेजचं फाटक गाठलं.

‘‘पालक का?’’ पहारेकऱ्याने विचारलं.

‘‘नाही. विद्यार्थी व्हायचंय.’’

पहारेकरी हसला. त्या हसल्या नाहीत, तेव्हा त्याने उपप्राचार्यांची खोली दाखवली.

उपप्राचार्य डॉ. नीरजा केतकर पन्नाशीच्या, कामाने गांजलेल्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. ‘‘प्रवेश विद्यापीठाच्या नियमांनी होतो, शालनताई. नुसतं येऊन वर्गात बसायची सोय आमच्याकडे नाही.’’

‘‘दुपारी वर्ग रिकामे असतात.’’

‘‘असतात.’’

‘‘पंखे चालू असतात.’’

नीरजाबाईंनी मान वर केली. मग त्यांनी शिपायाला पाठवून इतिहासाच्या वानखडे सरांना बोलावलं. श्याम वानखडे हा यवतमाळकडचा पस्तिशीतला माणूस. त्याच्या वर्गात त्या वर्षी सहा मुलं होती. बाकीची सगळी कॉम्प्युटरकडे धावली होती. पुढच्या वर्षी आपला विषय राहतो की नाही, ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर कायमची बसली होती. शालनताईंना बघून तो म्हणाला, ‘‘या ना जी ताई. सातवं माणूस तर मिळालं.’’

‘‘एक माणूस नको,’’ नीरजाबाई म्हणाल्या. ‘‘एका माणसासाठी मी व्यवस्थापनाकडे काय तोंड घेऊन जाऊ? वीस निवृत्त माणसं आणा. खरोखर शिकायची इच्छा असलेली. मग मी दुपारचे वर्ग मागते.’’

माणसं गोळा करायला शालनताईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. जुन्या मैत्रिणींना फोन, पेन्शनच्या रांगेत ओळखी, सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी. ज्यांनी ‘‘आता या वयात काय शिकायचं?’’ म्हटलं त्यांना त्या विचारत, ‘‘मग या वयात काय करायचं ठरवलंय?’’ मार्चअखेर यादीत एकतीस नावं झाली.

त्यातलंच एक नाव श्रीधर जोगळेकरांचं. पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. सदाशिव पेठेतून स्कूटरवर येत, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं मोजकं आणि तिरकस. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, ‘‘यात प्रवचन आहे का? असेल तर मी येणार नाही. मधुमेहावर व्याख्यान आहे का? असेल तरी येणार नाही. मला मधुमेह आहे, व्याख्यान नको.’’ शालनताईंना हा माणूस आवडला. नियमावली लिहायचं काम जोगळेकरांनी आपणहून घेतलं, आणि खात्यातली शिस्त अशी, की आठ दिवसांत टंकलिखित मसुदा तयार.

एप्रिलमध्ये नीरजाबाईंच्या खोलीत बैठक झाली. सात-आठ जण होते. जोगळेकर एकेक कलम वाचत गेले. वेळ, वर्गखोल्या, विषय. प्रत्येकाने वर्षातून एक तास स्वतः शिकवायचा, ही शालनताईंची सूचनाही त्यांनी नीट भाषेत बसवली होती. आणि मग तिसऱ्या पानावर, ‘‘प्रवेश घेणारी व्यक्ती किमान पदवीधर असावी.’’

‘‘हे कशासाठी?’’ श्यामने विचारलं.

‘‘दर्जा राहावा म्हणून. नाही तर दोन महिन्यांत भिशी होते.’’

दोघांनी माना डोलावल्या. शालनताईंनी समोरचा चहाचा कप जरा बाजूला सरकवला.

‘‘मग माझं नाव काढा,’’ त्या म्हणाल्या.

जोगळेकरांनी कागदावरून डोळे उचलले. ‘‘म्हणजे?’’

‘‘मी मॅट्रिक आहे. कॉलेज पाच महिने केलंय.’’

जोगळेकर खरंच गोंधळले. या बाईंचं इंग्रजी त्यांच्या खात्यातल्या कित्येक साहेबांपेक्षा चांगलं होतं. त्या पदवीधर असणार, असं ते धरूनच चालले होते. शेजारचे एक निवृत्त साहेब सावरायला पुढे आले. ‘‘अहो, त्यात काय एवढं! ओव्हाळबाईंसाठी अपवाद करू. त्यांना सवलत देऊन टाकू.’’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो शब्द खोलीत पडला आणि शालनताईंचा चेहरा बदलला.

‘‘सवलत,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘नोकरीला लागले त्या दिवसापासून हा शब्द ऐकतेय मी. परीक्षेत पहिली आले तरी ‘यांना सवलत असते’ म्हणायचे. मी चाळीस वर्षं बोर्डावर बसले. एकही तक्रार माझ्या नावावर नाही, तरी मागे कुजबुज हीच. आता साठीनंतर हौसेने शिकायला आले, तर इथेही मला सवलतीनेच बसवणार? नको. अट ठेवायची तर सगळ्यांना ठेवा. मी येणार नाही.’’

त्यांनी पर्स उचलली, नीरजाबाईंना नमस्कार केला आणि त्या निघाल्या. जिन्यात श्याम मागून ‘‘ताई, ओ ताई’’ करत आला, पण त्या थांबल्या नाहीत.

घरी पोपटराव गॅलरीत होते. बायकोचा चेहरा बघून ते उठून उभे राहिले. ही गोष्ट चार वर्षांत क्वचितच झाली होती. शालनताईंनी झालेलं सांगितलं. पोपटरावांनी ऐकून घेतलं. ‘‘मी तुला आधीच म्हननार व्हतो,’’ ते म्हणाले, आणि मग मध्येच थांबले. आत जाऊन त्यांनी स्वतः चहा ठेवला. साखर जास्त पडली होती. दोघांनी तो गोड चहा तसाच प्यायला.

पुढचे आठ दिवस शालनताईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती.

नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात जोगळेकर, दोन जिने चढून धापा टाकत. मागे एक नाजूकशा, ठेंगण्या बाई.

‘‘बसायला सांगाल, की दारातच बोलू?’’

‘‘या ना. बसा.’’

जोगळेकर खुर्चीत टेकले, पाणी प्यायले. ‘‘अट काढली आहे. माझीच होती, त्यामुळे फार चर्चा करावी लागली नाही.’’

‘‘माझ्यासाठी काढली असेल तर—’’

‘‘तुमच्यासाठी नाही.’’ त्यांनी शेजारच्या बाईंकडे बघितलं. ‘‘ही आमची विजयमाला. हिच्यासाठीही नाही, असं ती म्हणते. सांग ना गं.’’

विजयमालाबाई संकोचल्या. पण बोलायला लागल्यावर थांबल्या नाहीत. ‘‘त्या दिवशी घरी आल्यावर यांनी मला सगळा मसुदा वाचून दाखवला. मोठ्याने, कौतुकाने. मी पोळी वाढत होते. त्या कलमापाशी आले तेव्हा म्हटलं, म्हणजे मी नाही तर. हे म्हणाले, तू कुठे यायचं म्हणत होतीस? मी म्हटलं, तुमच्या यादीत अठरावं नाव बघा.’’

‘‘वि. श्री. जोगळेकर,’’ जोगळेकर म्हणाले. ‘‘मला वाटलं, कोणी तरी लांबचा भाऊबंद.’’

विजयमालाबाई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या तेव्हा त्यांचं लग्न झालं होतं. पुढे धरणांच्या वसाहतींतून बदल्या, मुलं, सासूचं आजारपण. पेन्शनच्या रांगेत नवऱ्याची वाट बघत उभ्या असताना शालनताईंनीच त्यांना कागद पुढे केला होता, आणि त्यांनी नवऱ्याला न सांगता सही केली होती.

‘‘मग मी यादी घेऊन बसलो,’’ जोगळेकर सांगू लागले. ‘‘एकेकाला फोन करून विचारलं. एकतिसातले चौदा पदवीधर नाहीत. अर्ध्या माणसांना शिकायचं होतं म्हणून ती आली होती, आणि मी त्यांना शिकला नाहीत म्हणून बाहेर काढत होतो. पाटबंधाऱ्यात असं धरण बांधलं असतं तर मला घरी बसवलं असतं.’’ त्यांना पुढचं वाक्य जड जात होतं. ‘‘आणि ओव्हाळबाई, त्या दिवशी तो शब्द निघाला, तेव्हा मी गप्प बसलो. बसायला नको होतं.’’

एवढ्या वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं, आणि म्हटल्यावर काय करायचं हे शालनताईंना माहीत नव्हतं. शेवटी त्या उठल्या. ‘‘चहा टाकते.’’

‘‘बिनसाखरेचा,’’ जोगळेकर म्हणाले. ‘‘आणि केतकरबाईंचा निरोप आहे. तुमची सही असल्याशिवाय त्या मसुदा व्यवस्थापनाकडे पाठवणार नाहीत.’’

शालनताईंनी सही केली, आणि मग वर्गाच्या नावावरून पुन्हा एक बैठक झाली. कोणी ‘ज्ञानसंध्या’ सुचवलं. शालनताई म्हणाल्या, ‘‘संध्याकाळ कशाला? दीड वाजता तर भरणार आहे.’’ मग ‘दुपारचा वर्ग’ हेच नाव पक्कं झालं. दोन हजार एकच्या जुलैत पहिल्या दिवशी सत्तावीस जण आले. बाकं तरुण मुलांच्या मापाची, गुडघे अडकत होते. पहिल्या बाकावर बसायला कोणी तयार होईना, तेव्हा विजयमालाबाई जाऊन बसल्या.

श्यामने इतिहासाबरोबर मोडी लिपी शिकवायला घेतली. पुण्यात मोडीची हौस असणारे बरेच, पण इथे सगळे अगदी मुळाक्षरांपासून. हात न उचलता, शब्द न तोडता धावत जाणारी ती अक्षरं बघून पहिल्या आठवड्यात सहा जण गळाले. जोगळेकरांनी नकाशासारखी अक्षरं काढली आणि श्यामने ती तांबड्या शाईने खोडली. ‘‘साहेब, हे बांधकाम नाही जी. हात वाहू द्या.’’ साठीच्या पुढचे सगळे तेव्हा मनसोक्त हसले. शालनताईंचा हात मात्र पटकन वळला. कानात एक बोलणं चालू असताना त्या चाळीस वर्षं दुसऱ्या कॉलचं तिकीट, म्हणजे नोंदीची चिठ्ठी, भराभर लिहीत आल्या होत्या.

त्यांचा स्वतःचा शिकवायचा तास ऑगस्टमध्ये आला. विषय, ट्रंक कॉल. आदल्या दिवशी त्या घाबरून जेवल्या नाहीत. वर्गात उभ्या राहिल्या, पहिली दोन वाक्यं पुस्तकी झाली, आणि मग त्यांनी कागद ठेवून दिला. ट्रंक कॉलच्या ठरलेल्या तीन मिनिटांत माणसं काय काय बोलतात ते त्यांनी सांगितलं. ओरडून बोलणारे, लाजणारे, नुसते ‘ऐकू येतंय का’ म्हणण्यातच वेळ घालवणारे. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला नागपूरला मुलाला फोन लावत आणि दोघंही काही बोलत नसत. ‘‘बरं आहे ना?’’ ‘‘बरं आहे.’’ मग शांतता. ‘‘आम्हाला बोलणं ऐकायची मनाई होती. पण लाइन चालू आहे का ते बघायला मध्ये डोकवावं लागे. मला वाटायचं तुटलीच लाइन. तुटलेली नसायची. दोघं तिकडे नुसते श्वास घेत असायचे. मी तीन मिनिटं झाल्याचं उशिरा सांगायची.’’ तास संपल्यावर जोगळेकरांनी एवढंच म्हटलं, ‘‘प्रश्न नाहीत. पुन्हा एक तास घ्या.’’

हे सगळं घरी पोपटरावांच्या कानावर पडत होतं. ते विचारत काही नसत, पण शालनताई मोडीचा सराव करायला बसल्या की खुर्ची गॅलरीतून आत यायला लागली होती. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक कागद होता, घड्यांवर फाटत आलेला.

‘‘आज्ज्याचा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘आज्ज्यालाबी वाचता येत न्हवता. गावात कुणाला दाखवायची सोय न्हवती. फाडून टाकतील म्हनून भ्या वाटायचं. वाचतीस का?’’

शालनताईंनी तासभर डोळे फोडले. चार-पाच शब्द लागले. बाकीचं जमेना. ‘‘वर्गात घेऊन चला. सर आहेत.’’

‘‘मी?’’

‘‘कागद तुमचा आहे.’’

दुसऱ्या दिवशी पोपटराव इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. श्यामने कागद काचेखाली ठेवला आणि सगळे भोवती जमले. एकेक ओळ फळ्यावर उतरत गेली. कुठे शालनताईंना लागे, कुठे विजयमालाबाईंना, कुठे कोणालाच नाही. दोन दुपारी गेल्या तेव्हा अर्थ लागला. दोन गावांत शिवेवरून भांडण होतं, आणि कागद त्या भांडणाच्या निवाड्याचा होता. गावची शीव नेमकी कुठून जाते हे सांगायला पोपटरावांचा पूर्वज येसनाक बिन सोननाक महार, म्हणजे सोननाकचा मुलगा येसनाक, याला बोलावलं होतं. त्याने ओढ्यापासून चिंचेपर्यंत आणि चिंचेपासून उंचवट्यापर्यंत चालून शीव दाखवली. तो पुढे चालला आणि दोन्ही गावांचे पाटील त्याच्या मागून चालले. त्याने सांगितलं ते सर्वांनी मान्य केलं, असं खाली लिहिलं होतं.

पोपटराव फळ्याकडे बघत उभे होते. ‘‘पुन्यांदा वाचा,’’ ते म्हणाले.

श्यामने वाचलं.

‘‘ह्ये ‘पुढे चालला’ म्हंजे, म्होरंच ना? पाटलाच्या म्होरं?’’

‘‘हो जी. पुढेच.’’

पोपटरावांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि पुसतच राहिले. शालनताई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. त्या माणसाला असं बघायची ही पहिलीच वेळ.

दुपारचा वर्ग पुढे वाढत गेला. तिसऱ्या वर्षी दोन तुकड्या झाल्या, भूगोल आला, संगणक आला. निवृत्तांचा वर्ग श्यामच्या हजेरीपटात धरला जात नव्हता, तरी नीरजाबाईंनी त्याचं काम व्यवस्थापनापुढे मांडलं आणि त्याची नोकरी टिकली. पण शालनताईंना त्या सगळ्यात जास्त आठवतो तो कागद वाचला त्याच हिवाळ्यातला एक रविवार. पोपटरावांनी अख्ख्या वर्गाला बजावलं होतं, ‘‘शीव बघायची आसंल तर चला. मी दावतो.’’ चौदा जण सोलापूर रस्त्याच्या बसमध्ये बसले. जोगळेकर नकाशा घेऊन, विजयमालाबाई पाण्याच्या बाटल्या घेऊन.

वाडीजवळ उतरले तर रस्त्याला लागून नव्या कॉलेजाचं कुंपण होतं आणि पलीकडे प्लॉट पाडल्याच्या पाट्या. चिंच कुठेच दिसत नव्हती. ओढा मात्र होता, बाभळींतून वाकडातिकडा. जोगळेकरांनी नकाशा जमिनीवर पसरला. ‘‘शीव याच्या उत्तरेने जात असणार.’’

‘‘दक्षिणंनं,’’ पोपटराव म्हणाले.

‘‘पाण्याचा उतार बघा, साहेब. नकाशा सांगतो—’’

‘‘नकाशा काल काढला आसंल. वढा पंचाहत्तरच्या पुरात हिकडं सरकला. मी पाहिलाय.’’

जोगळेकर उकिडवे बसले, ओढ्याचा काठ बोटांनी उकरला, गाळाचे थर बघितले. बराच वेळ लागला. मग त्यांनी नकाशाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

‘‘चला,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही व्हा पुढे.’’

पोपटराव धोतराचा सोगा आवरावा तसा पँटचा पाय वर ओढून बांधावर चढले. त्यांच्या मागून सगळा वर्ग एका ओळीत निघाला. शालनताई सगळ्यांत शेवटी होत्या. चपलेत खडा गेला होता, तो काढायला त्या थांबल्या, आणि पुढून त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू आला. ते मोठ्याने, न थांबता, कोणत्या बांधाला काय म्हणत ते सांगत चालले होते.